योम दोकहो चुकीच्या शिबिराला जातात

"मला शिबिराला यायचं नाही," असं योम दोकहो बुचन शहरातल्या घरातून निघताना म्हणाले, बसमध्ये चढताना म्हणाले आणि महामार्गावरच्या थांब्यावर लघवीला उतरतानाही म्हणाले. त्यांच्या पत्नीने, ओकसुनने, दर वेळी एकच उत्तर दिलं, "हो का? बरं."

दोकहो हे सेबित या ख्रिस्ती मंडळीचे पंच. वय पासष्टच्या पुढे, फरशांचं दुकान, आवाज मोठा. दरवर्षी ऑगस्टमध्ये मंडळीचं शिबिर डोंगरात भरायचं आणि दरवर्षी त्यांना तिथल्या जमिनीवर पातळ गादी टाकून, दहाजणांच्या घोरण्यात झोपावं लागायचं. पहाटे उठून प्रार्थना, मग कवायत, मग वांग्याची भाजी. देवावर त्यांचा विश्वास होता, पण तो बुचनमध्येही होता असं त्यांचं म्हणणं होतं.

बस लागते म्हणून ओकसुनने त्यांना निघताना गोळी दिली होती. घेतली की नाही हे न आठवल्यामुळे त्यांनी वाटेत आणखी एक घेतली. त्यामुळे थांब्यावर ते उतरले तेव्हा अर्धे झोपेतच होते. ओकसुन मागच्या बाकांवर स्वयंपाकाच्या बायकांबरोबर लसूण सोलत बसली होती. मोबाइल तिच्याच पिशवीत होता, कारण दोकहो तो सगळीकडे विसरून येत.

सुट्ट्यांचे दिवस. थांब्यावर एकाच कंपनीच्या, एकाच जांभळ्या पट्ट्याच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. दोकहोंनी डोळे किलकिले करून काचेवरचा कागद वाचला. 'सेबित मंडळी, उन्हाळी शिबिर.' ते चढले, खिडकीची रिकामी जागा बघून बसले आणि टोपी नाकापर्यंत ओढून झोपले. कागदावरचं पहिलं अक्षर ड्रायव्हरने वाळत घातलेल्या टॉवेलमागे लपलं होतं. ते अक्षर होतं 'चाम', त्यांच्या लिपीत ते एकच अक्षर.

चामसेबित मंडळी म्हणजे सेबित मंडळीतून फुटून निघालेले लोक. सेबित म्हणजे नवा प्रकाश, चाम म्हणजे खरा. आपला प्रकाश खरा आणि उरलेल्यांचा खोटा, हे एका अक्षरात सांगायची सोय त्यांनी करून ठेवली होती. फक्त नाव ठेवताना एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. चामसे म्हणजे चिमणी. नाव घाईत वाचलं की चिमणीचा प्रकाश होई. दोकहो तर सरळ 'चिमणी मंडळी' म्हणत.

फूट पडली ती एसीवरून. प्रार्थनागृहात एसी आला, तो कुठल्या भिंतीला लावायचा यावर बैठक बसली. दुसरे पंच पांग इनचोल म्हणाले, वारा थेट मानेवर येतो, मान अवघडते. दोकहोंना घाम फार यायचा. ते म्हणाले, "मान अवघडते तर मान घरी ठेवून येत जा." इनचोल उठले, टोपी घातली आणि निघून गेले. त्यांच्यामागून पुष्कळ घरं गेली. दोन गल्ल्या पलीकडे, तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर नवी मंडळी सुरू झाली.

इनचोल आणि दोकहो एका गावचे, एका शाळेचे, एकाच दिवशी नोकरी शोधायला शहरात आलेले. एसीनंतर सहा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. मागच्या हिवाळ्यात इनचोलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. दोकहो फळांच्या रसाच्या बाटल्यांचा खोका घेऊन हॉस्पिटलात गेले, खोलीच्या दारापर्यंत पोचले, आणि तसेच परत आले. आठवडाभर तो रस त्यांनी स्वतःच प्यायला. ओकसुनने विचारलं तेव्हा सांगितलं, "दुकानात स्वस्त होता."

बस थांबली तशी दोकहो जागे झाले. खाली उतरताच एका हसऱ्या मुलीने त्यांच्या हातात पिवळा टीशर्ट दिला. त्यावर छातीपाशी एक गुबगुबीत चिमणी होती. लोकांनी चिडवून चिडवून जे नाव पाडलं होतं ते या मंडळींनी कधीच आनंदाने अंगावर चढवलं होतं.

दोकहोंनी चिमणीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. समोर इनचोल उभे होते. वाळले होते. हातात गुंडाळलेली गादी.

"आलास," इनचोल म्हणाले.

"आलो," दोकहो म्हणाले.

तेवढ्यात मंडळीचे पाळक मिन धावत आले. तरुण, चष्म्याचे, सतत डोळे भरून येणारे. "तुम्ही सेबितचे योम पंच ना? इनचोल पंचांचे मित्र?"

"हो, पण त्याचं असं झालं की मी..."

"काही बोलू नका," पाळक म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दर बुधवारी आम्ही दोन्ही मंडळ्यांसाठी प्रार्थना करतो. बायका तर उपास धरतात. कोणीतरी पहिलं पाऊल उचलावं म्हणून. आणि तुम्ही उचललंत."

पाऊल नाही, अख्खा माणूस उचलून आणलाय तुमच्या ड्रायव्हरने, असं दोकहोंच्या अगदी ओठांवर आलं. पण भोवती गर्दी जमली होती. उपास धरणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांचे हात हातात घेतले होते. एकीला हुंदका आवरत नव्हता. अशा वेळी लघवीला उतरलो होतो हे वाक्य कसं सुरू करायचं?

जेवणात थंडगार शेवया होत्या. दोकहोंच्या घशाखाली उतरेनात. ओकसुन आता काय करत असेल? थांब्यावर बस अडवून बसली असेल. संडासांची दारं वाजवत फिरली असेल. पोलिसांना सांगितलं असेल. त्यांनी शेजारच्याचा मोबाइल मागितला आणि तेव्हा त्यांना कळलं की बायकोचा नंबर आपल्याला पाठ नाही. त्यांना पाठ होता फक्त दुकानाचा. तो लावला. दुकान बंद होतं, कारण मालक शिबिराला गेले होते.

सेबितचं शिबिर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं. जेवण झाल्यावर, सगळे ताटं घासत असताना, दोकहो हळूच फाटकाकडे निघाले. मुख्य रस्ता गाठायचा, कोणाच्या तरी गाडीला हात करायचा.

"पंच, एकटेच?" मागून पाळक मिन.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"समजलं मला. टेकडीवर प्रार्थनेला निघालात. एवढ्या मोठ्या दिवशी माणसाला एकांत हवा असतो." त्यांनी दोकहोंचा दंड धरला. "चला, मीही येतो."

टेकडी चांगलीच उभी होती. वर क्रूस होता, बाक होता आणि रस्ता कुठेच दिसत नव्हता. पाळकांनी पुष्कळ वेळ मोठ्याने प्रार्थना केली. दोकहोंनीही केली, मनापासून. देवा, ओकसुनचं ब्लडप्रेशर वाढू देऊ नकोस. एवढं बघ, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. आमेन म्हणताना त्यांचा आवाज कापला. पाळकांना पुन्हा चष्मा काढावा लागला.

खाली आल्यावर पाळकांनी जाहीर केलं की दुपारच्या सभेत योम पंच साक्ष देतील, म्हणजे आपला देवाचा अनुभव सर्वांपुढे सांगतील.

दोकहोंनी ठरवलं, आता लाज गेली तरी चालेल, माइक हातात आला की खरं काय ते सांगून टाकायचं. सभागृह पिवळ्या चिमण्यांनी गच्च भरलं होतं. त्यांचा स्वतःचा टीशर्ट एक माप लहान निघाला होता, त्यामुळे त्यांच्या पोटावरची चिमणी बाकीच्यांपेक्षा बरीच जाडजूड दिसत होती. ते व्यासपीठावर गेले.

"मंडळी, मी चुकलो..." त्यांनी सुरुवात केली. पुढे 'बस' हा शब्द यायचा होता.

"आमेन," अख्खं सभागृह म्हणालं. कोणीतरी पियानो वाजवायला सुरुवात केली.

"तसं नाही, म्हणजे मी चुकून..."

"आमेन." आता लोक टाळ्याही वाजवत होते.

दोकहो थांबले. पियानो हळू झाला. दुसऱ्या रांगेत इनचोल खाली मान घालून बसले होते. ती मान आता पार बारीक झाली होती, कॉलरमध्ये सैल वाटत होती. एसीचा वारा तिच्यावर पडत होता आणि इनचोलनी गळ्याभोवती रुमाल गुंडाळला होता. दोकहो बराच वेळ त्या रुमालाकडे बघत राहिले. बसबद्दल बोलायला आलेला माणूस मग भलतंच बोलून गेला.

"हा आजारी होता तेव्हा मी गेलो होतो," ते म्हणाले. "दारापर्यंत गेलो. आत हा जागा होता, टीव्ही बघत होता. मी परत आलो. रस आणला होता, तो मीच प्यायला. पेरूचा होता. मला पेरू आवडत नाही." त्यांना आणखी काही सांगायचं होतं, पण नाक वाहायला लागलं. "आणि तो एसी कोणीतरी तिकडे वळवा. त्याची मान धरते."

या वेळी कोणी आमेन म्हणालं नाही. एक मुलगा उठला आणि त्याने एसीची झडप वर केली.

संध्याकाळच्या जेवणाआधी, ऊन उतरल्यावर, अंगणात पाय धुण्याचा विधी झाला. प्रत्येकाने कोणाचे तरी पाय धुवायचे. इनचोल कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आले आणि दोकहोंच्या पुढ्यात बसले. साक्ष खरी होती, पण सगळ्याची सुरुवात खोटी होती. ती तशीच ठेवून या माणसाला पाय धुवायला लावायचे म्हणजे भलतंच.

इनचोलनी त्यांचा डावा पाय पाण्यात घेतला.

"इनचोल, थांब जरा. एक सांगायचंय. मी आपणहून आलो नाही रे. थांब्यावर उतरलो, झोपेच्या तारेत होतो, तुमच्या बसमध्ये चढलो. ओकसुनला पत्ता नाही. ती बिचारी पोलीस चौकीत रडत असेल. तुझ्यासाठी आलो असं सगळ्यांना वाटतंय, आणि मी नाही आलो."

इनचोल पायाच्या बोटांमधून साबण फिरवत राहिले. "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"मी दाराजवळच्या पहिल्याच सीटवर होतो. तू माझ्या गुडघ्याला धक्का देऊन आत गेलास. 'सरका जरा' म्हणालास."

"आणि तू गप्प बसलास?"

"ड्रायव्हर म्हणाला, एक माणूस जास्त दिसतोय. मी म्हटलं, बरोबर आहे, चल." इनचोलनी वर पाहिलं. "सहा वर्षं विचार करतोय, या माणसाला कसं बोलवावं. फोन करावा तर तू आपटणार. दुकानात यावं तर तू फरशी मारणार. आणि आज आपल्या पायांनी चढून येऊन घोरायला लागलास. तुला उठवून खाली उतरवायला मी काय मूर्ख आहे?"

"अरे पण ओकसुन..."

इनचोलनी टॉवेलला हात पुसले, खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि दोकहोंच्या कानाला धरला.

"जेवलात का?" पलीकडून ओकसुन म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज होता आणि बायका खिदळत होत्या.

"तू... ठीक आहेस?"

"मला काय धाड भरलीय? कोबी चिरतेय."

"तुला माहीत होतं मी कुठे आहे ते?"

"इनचोल भावजींनी बस सुटायच्या आधीच फोन केला. म्हणाले, वहिनी, तुमचं सामान आमच्याकडे आलंय, काय करू?"

"तुझा नंबर याच्याकडे कसा?"

"कसा म्हणजे? भांडण तुमचं झालं. त्यांच्या बायकोचं नि माझं कुठे झालंय? दर हिवाळ्यात कोबीची किमची आम्ही एकत्रच मुरवतो. तुम्ही खाता ती अर्धी त्यांच्या घरचीच असते."

दोकहोंच्या छातीवर सकाळपासून बसलेला धोंडा उतरला. ती रडत नव्हती, पोलीस नव्हते, ब्लडप्रेशर जागेवर होतं. इतकं हलकं वाटलं की रागवायचं राहूनच गेलं. तरी नवरेपणाचा मान म्हणून ते म्हणाले, "मग मला उतरवून घ्यायला का आली नाहीस?"

"येणार होते, निघालेही होते. मग फोनवरच म्हटलं, भावजी, बसचं दार लावून घ्या." पलीकडे कोबी चिरल्याचा आवाज आला. "आता तिथेच राहा दोन दिवस. औषधं पाठवून देते. आणि इथली काळजी करू नका. तुम्ही नसल्यामुळे आज पंचांची बैठक लवकर संपली म्हणे."

फोन बंद झाला. दोकहोंनी मोबाइल परत दिला. अंगणात कोणीतरी गाणं म्हणायला लागलं होतं, घमेल्यातल्या पाण्यावर साबणाचा फेस तरंगत होता, आणि आपण हसतोय हे त्यांच्या उशिरा ध्यानात आलं. इनचोलही हसत होते, खांदे हलवून, आवाज न करता. शाळेत मास्तरांच्या पाठीमागे हसायचे तसे.

"झालं ना बोलून?" इनचोल म्हणाले. "मग दुसरा पाय दे."