तीन हिरवे दिवे आणि एक घडीची खुर्ची

माझ्या नजरेतून निसटेल असं चाक अजून कुठल्याही विमानाला बसवलेलं नाही. ही बढाई नाही, आमच्या फ्लाइंग क्लबात कोणालाही विचारा. म्हणजे आता नका विचारू. तीन महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

मी त्या क्लबाचा स्टोअरकीपर. बावीस वर्षं झाली. नटबोल्ट, टायर, तेलाचे डबे, बल्ब, सगळं माझ्या किल्लीखाली. विमान मी कधी चालवलं नाही, पण विमानाबद्दल इतके प्रश्न विचारलेत की शिकाऊ पोरं मला लांबून बघूनच वाट बदलतात. बायको म्हणते, "अहो, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत तरी तुम्हाला दम का धरवत नाही?" आता यात माझा काय दोष? प्रश्न आत्ता पडला तर तो उद्या विचारायचा का? तर कुठे होतो मी? हां, चाकं.

क्लबाची विमानं पाच. त्यातल्या चारांची चाकं कायमची खाली, त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही. पाचवं मात्र नखरेल. ते उडालं की चाकं पोटात घेतं आणि मग भन्नाट पळतं. उतरायच्या आधी ती चाकं आठवणीने बाहेर काढावी लागतात. सगळी गोम त्या 'आठवणीने'मध्ये आहे.

कारण एके दिवशी क्लबाचे जुने सभासद, दातांचे डॉक्टर, ते विमान घेऊन आले आणि थेट पोटावर उतरले. पंख्याची पाती वाकली, ठिणग्या उडाल्या, विमान सरपटत गवतात जाऊन थांबलं. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नाही. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे 'पाना' म्हणतात, धावत गेला तेव्हा विमानातला भोंगा अजून कोकलत होता. चाकं वर असताना इंजिनाचा जोर कमी केला की तो वाजतोच.

"डॉक्टर, हा ऐकू आला नाही?" पान्याने विचारलं.

"आला ना," डॉक्टर म्हणाले. "पण दिवसभर माझ्या हातात ड्रिल किरकिरत असतं. असल्या आवाजाकडे लक्ष न देण्यात माझी तीस वर्षं गेली."

मला काही चैन पडेना. मुख्य शिक्षकांना आम्ही कॅप्टन म्हणतो. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "कॅप्टन, माणूस चाकंच कशी विसरतो हो? चष्मा विसरणं समजू शकतो."

कॅप्टन चहा ढवळत होते. "आज घरातून निघताना कुलूप लावलंत?"

"लावलं."

"लावलेलं आठवतंय, की रोज लावता म्हणून तसं वाटतंय?"

जेवणाच्या सुट्टीत मी घरी जाऊन कुलूप ओढून पाहून आलो.

दुपारी कॅप्टननी मला त्याच विमानात बसवून सगळं दाखवलं. चाकांच्या दांडीच्या टोकाला इवलंसं चाक असतं, न बघता हाताला कळावं म्हणून. चाकं पूर्ण खाली येऊन पक्की बसली की तीन हिरवे दिवे लागतात, एका चाकाला एक. वर तो भोंगा. "आणि इतकं सगळं असून विसरतात," ते म्हणाले. "कारण मध्येच कोणीतरी बोलतं. तपासणी म्हणताना अर्ध्यात तोडलं, की डोकं समजतं, झाली की ही. म्हणून आमचा नियम असा की मोठ्याने म्हणायचं, प्रत्येक दिव्याकडे बोट दाखवायचं आणि..."

"आणि बल्बच गेलेला असेल तर?" मी विचारलं.

कॅप्टननी डोळे मिटले. "आणि मध्ये कोणी बोललं," ते सावकाश म्हणाले, "तर पहिल्यापासून सुरू करायचं. तीन हिरवे दिवे. पहिल्यापासून."

विमान दुरुस्त होऊन आलं तेव्हा कॅप्टननी आणखी एक बंदोबस्त केला. ते विमान उतरत असेल तेव्हा धावपट्टीच्या टोकाला एका माणसाने दुर्बीण घेऊन बसायचं. चाकं दिसली तर गप्प राहायचं. नाही दिसली तरच वॉकीटॉकीचं बटण दाबून सांगायचं, "चाकं नाहीत, वर जा." या कामाला कोण? मी हात वर केला. दुसऱ्या कोणी केला नव्हता, पण ते सोडा.

दुर्बीण माझ्याच स्टोअरमधली. वॉकीटॉकीही तिथलीच. आणि एक घडीची खुर्ची. ती देताना पाना म्हणाला, "काका, हिच्या पायांना खालून खटका आहे. तो 'टक' वाजला की मगच बसा."

"मला शिकवतोस? ही खुर्ची मी खरेदी केली आहे."

दोन महिने मी नजर ठेवली. एकदाही बटण दाबायची वेळ आली नाही. घरी आल्यावर मी रोज सांगायचो, "आजसुद्धा सगळी चाकं खाली." बायको म्हणायची, "हो, आणि मोज्यांतला एक मोजा पलंगाखाली."

आता खरी गोष्ट. माझी लेक याच क्लबात विमान शिकते. शिकते म्हणजे शिकत होती, ते पुढे कळेल. तिची शेवटची परीक्षा त्याच नखरेल विमानावर ठरली. परीक्षकबाई बाहेरून येणार, सहा महिन्यांतून एकदाच येतात. नापास झालं तर पुन्हा सहा महिने थांबायचं, आणि तिला एका कंपनीने नोकरीला बोलावलं होतं, ते पुढच्याच महिन्यात लायसन्स हातात असेल तर. घरात आठवडाभर कोणी नीट जेवलं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज तुम्ही रजा घ्याल का?"

"का गं? मी तर चाकं बघायला हवा."

"तुम्ही बोलता."

"एक शब्द बोलणार नाही."

"बाबा."

"अगं, बटण दाबल्याशिवाय माझा आवाज वर जातच नाही. आणि चाकं दिसली तर मी बटण दाबणार कशाला?"

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जाऊ दे, घरी राहिले तर माझ्याशी बोलतील." अशी मला परवानगी मिळाली.

परीक्षकबाई उंच, ताठ, ओठ घट्ट मिटलेले. मला नमस्कार केला तोही तपासणी करावी तसा. त्या आणि लेक विमानात बसल्या. कॅप्टन रेडिओच्या खोलीत, पाना हँगरच्या दारात, मी टोकाला खुर्चीवर. वॉकीटॉकी पँटच्या मागच्या खिशात, कारण दोन्ही हात दुर्बिणीला.

पहिली फेरी सुरेख झाली. तीनही चाकं खाली, विमान अलगद टेकलं आणि पुन्हा उडालं. दुसऱ्या फेरीत विमान धावपट्टीवर टेकणार, इतक्यात इंजिनाचा आवाज वाढला आणि ते टेकण्याआधीच वर गेलं. चाकंही पोटात गेली. मी घाबरून ताडकन उठलो. मग लक्षात आलं, ही परीक्षकबाईंची युक्ती. ऐन वेळी माघार घ्यायला लावतात आणि मग बघतात, पुढच्या फेरीला उमेदवार चाकं पुन्हा खाली घेतो का. लोक नेमके इथेच फसतात. मनात बसलेलं असतं की चाकं आपण मघाशीच काढली होती.

मी उठलो तेव्हा खुर्ची मागे कलंडून मिटली होती. ती मी एका हाताने उघडली. तेवढ्यात दुसऱ्या खिशातला मोबाइल वाजला. बायकोचा.

"झाली का परीक्षा?"

"नाही गं, शेवटची फेरी आहे," मी म्हणालो आणि बसलो.

'टक' आवाज झाला. पण तो खटक्याचा नव्हता, माझ्या कमरेचा होता. खुर्ची माझ्यासकट मिटली. गुडघे हनुवटीला, पाठ जमिनीला आणि मधला सगळा भाग खुर्चीच्या कापडात, चिमट्यात वाळत घातलेल्या कपड्यासारखा. मोबाइल मात्र मी कानावरून सोडला नाही.

"अहो, काय झालं? कसला आवाज?"

"आई गं... काही नाही. पडलो. खुर्चीत अडकलोय."

"लागलं का? कोणाला तरी हाक मारा."

"हाक काय मारायला सांगतेस, इथे परीक्षा चालू आहे. आणि ती परीक्षकबाई आहे ना, तिचं तोंड बघशील तर दूध फाटेल. आपल्या पोरीचं काही खरं नाही. सकाळी बूट उलटसुलट घातले होते तिने. मला म्हणाली, आईला सांगू नका."

माझं सगळं वजन मागच्या खिशावर होतं आणि त्या खिशात वॉकीटॉकी होती. तिचं बटण माझ्याखाली दाबलेलं होतं. आणि या वॉकीटॉकीचं असं असतं की एकाने बटण दाबून धरलं की बाकी कोणालाही बोलता येत नाही. सगळ्यांना फक्त ऐकता येतं. कॅप्टन ऐकत होते, पाना ऐकत होता, आणि वर विमानात दोन बायका ऐकत होत्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की पाना हँगरकडून दोन्ही हात हलवत जीव तोडून पळत येतोय. किती काळजी करतो बिचारा, म्हणून मीही हात हलवला.

"पान्याला फार वाईट वाटतंय," मी बायकोला सांगितलं. "कॅप्टन मात्र खोलीतून बाहेर पण आले नाहीत. चहा ढवळत बसले असतील."

मग मी वर पाहिलं.

विमान वळून धावपट्टीच्या रेषेत आलं होतं. पोट खालून साफ. एकही चाक नाही.

वॉकीटॉकी! मी शर्टाचा खिसा चाचपला. पुढचे खिसे चाचपले. गवत चाचपलं. "अगं, वॉकीटॉकी कुठे ठेवली मी?" असं बायकोलाच विचारलं, कारण घरात हरवलेलं सगळं तिलाच सापडतं. माझी लेक डोळ्यांसमोर पोटावर उतरणार होती आणि मी खुर्चीत बोचक्यासारखा पडलो होतो. मला रडू आलं. खरंच आलं, लपवत नाही.

आणि तेव्हा विमानाच्या पोटाची झाकणं उघडली. पुढचं चाक. डावं. उजवं. तीनही खाली आली आणि स्थिरावली. विमान माझ्या डोक्यावरून गेलं आणि इतक्या हलक्या पावलाने टेकलं की मला आवाजसुद्धा आला नाही. पाना धापा टाकत पोचला, मला कुशीवर वळवलं आणि खिशातून वॉकीटॉकी ओढून काढली. तेव्हा मला सगळं कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने त्या दोघी चालत माझ्यापर्यंत आल्या. खुर्चीचा एक पाय माझ्या पट्ट्यात अडकला होता, पाना तो पान्याने सोडवत होता. उठून उभं राहायची सोय नव्हती.

"दूध फाटेल ते हेच तोंड," परीक्षकबाई म्हणाल्या.

मी गवताकडे बघत राहिलो.

"तुमचा आवाज आला तेव्हा हिचा हात चाकांच्या दांडीवर होता," त्या म्हणाल्या. "पडलो म्हणालात, तशी हिने दचकून हात काढला. चाकं वरच राहिली. मी काही बोलले नाही, नुसती बघत होते. भल्याभल्यांची इथे विकेट जाते. वळण झालं, तरी चाकं वरच. मी माझा हात दांडीजवळ नेला. आणि हिने बोट उचललं आणि तपासणी पहिल्यापासून म्हणायला लागली. तुम्ही अखंड बोलत असताना. चाकं, तीन हिरवे दिवे, प्रत्येकाला बोट लावून. इतकी वर्षं परीक्षा घेते, पण मुद्दाम एवढा त्रास मलासुद्धा कोणाला देता आला नसता. मी विचारलं, ही सवय कोणी लावली? तर म्हणाली, घरी लागली."

माझी मान आपोआप वर आली. "शिस्त आहे आमच्या घरात," मी म्हणालो.

"शिस्त नाही, बाबा," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "लहानपणी मी पाढे म्हणायला बसले की सातच्या पाढ्यात तुम्ही यायचात. माझा चष्मा पाहिलास का? किल्ली पाहिलीस का? मग मी पुन्हा सात एके सात. रोज. दहा वर्षं."

माझ्या हातातल्या मोबाइलमधून बारीक आवाज येत होता. "अहो, मी अजून फोनवर आहे. पोरगी पास झाली का, ते मला कोणी सांगेल का?"

परीक्षकबाई वाकल्या, मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "झाली. आणि तिला बूट सरळ घालायला सांगा." मग त्या पहिल्यांदा हसल्या. अगदी छान हसतात हो. मी उगाच बोललो.

संध्याकाळी क्लबाच्या नोंदवहीत कॅप्टननी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आज पाय न उघडता उतरण्याची एक घटना. विमान सुखरूप. स्टोअरकीपरच्या कमरेला मार. कारण: तपासणी चालू असताना फोन.' ते पान अजून आहे. नवीन शिकाऊ आले की त्यांना आधी तेच दाखवतात.

लेक नोकरीवर रुजू झाली. तिने जाताना माझ्याकडून वचन घेतलं, आणि मी ते पाळतो. आता ती खुर्ची मी घरी आणली आहे. बसण्याआधी मोठ्याने म्हणतो, बोट दाखवून: "पुढचे पाय उघडे. मागचे पाय उघडे. खटका लागला." मध्ये कोणी बोललं तर पहिल्यापासून. महिनाभर अगदी बिनचूक चाललं आहे. कालच संध्याकाळी मी खुर्ची उघडली, बोट रोखलं आणि म्हणालो, "पुढचे पाय उघडे. मागचे पाय..."

"चहा घेणार का?" बायकोने आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो आणि बसलो.

चहा मी जमिनीवरच घेतला.