आहात तिथेच थांबा

"वय दोन तास. रंग पिवळा. अंगावर शेंगदाणे आणि कढीपत्ता. दुकानाबाहेर परातीत एकटाच आहे. नाव विचारले असता सांगत नाही. संबंधितांनी ओळख पटवून घेऊन जावे."

ही पोलिसांची नोटीस नाही हो. लालबागच्या एका चिवडेवाल्याच्या फेसबुक पेजवरची जाहिरात आहे, आणि ती लिहिणारे गृहस्थ म्हणजे आमचे गमरेदादा. भोईवाड्यात राहतात, साठी कधीच उलटली, आणि आमच्या भागातल्या कितीतरी लहानसहान दुकानांच्या वेबसाइट आणि पेजं तेच सांभाळतात. चिवडेवाला आधी जाम भडकला. म्हणे, माझ्या चिवड्याला बेवारशी करून टाकला या माणसाने! संध्याकाळी बघतो तर दुकानापुढे पोरंपोरी हातात फोन घेऊन हजर. काय पाहिजे विचारलं तर म्हणे ओळख पटवायला आलोय. मग बिचाऱ्याला भडकायला वेळच मिळाला नाही.

दादांची भाषा अशी का, ते सांगते. पोटापाण्यासाठी ते छापखान्यात अक्षरं जुळवायचे, पण सगळा जीव माइकवर. गणपतीत लालबागला आणि सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर हरवले-सापडलेच्या मंडपात बसून या माणसाने वर्षानुवर्षं गर्दीत चुकलेली माणसं पुकारली. पुढे छापखाना बंद पडला. घरी बसून माश्या मारण्यापेक्षा म्हणून त्यांनी संगणकाचा क्लास लावला, तिथे वेबसाइट करायला शिकले. हात कॉम्प्युटरवर आले, जीभ मात्र मंडपातच राहिली. अजून व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचा असला तरी आधी फोनमध्ये दोनदा फुंकर मारतात. फू, फू. लक्ष द्या, लक्ष द्या.

भोईवाड्यातल्या एका टेलरबाईंसाठी त्यांनी लिहिलं होतं, "हिरव्या रंगाचा, गोल गळ्याचा, कोपरापर्यंत बाह्या असलेला एक ब्लाऊज दिवाळीपासून आमच्याकडे सुखरूप आहे. रडत नाही. पण घरच्यांची वाट पाहतो." ते वाचून भोईवाड्यातल्या तमाम बायकांना आपापले विसरलेले ब्लाऊज आठवले. ओशाळल्या तोंडाने आल्या, जुने घेऊन गेल्या, जाताना लाजेकाजेस्तव नवीन शिवायला टाकून गेल्या.

मी हसायचे. दुसऱ्याच्या दुकानाचं असलं की हसायला काय जातंय!

मग वेळ आमच्यावर आली. आमचं मसाल्याचं कांडप, सासऱ्यांच्या वेळेपासून घोडपदेवच्या एका चाळीत. शिमगा सरला की बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन रांगेला लागायच्या. वर्षभराचा मसाला कुटून न्यायच्या, आणि त्या उन्हाळ्याच्या धंद्यावर आमचं वर्ष निघायचं. यंदा चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने तात्पुरता गाळा दिला तो कॉटन ग्रीनला, गोदामांच्या मागच्या गल्लीत. मांजरसुद्धा चार जणांना विचारून आत शिरेल अशी जागा! शिमगा झाला, मशीन बसवलं, अगरबत्ती लावली आणि बसलो. कोणी येईना.

जुनी गिऱ्हाइकं घोडपदेवला जायची, चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले बघायची आणि 'बंद झालं वाटतं' म्हणून माघारी फिरायची. मोबाइलच्या मॅपवर अजून जुनीच जागा. मी मेली दिवसभर गप्प पडलेल्या मशीनकडे बघत बसायची. आमचे मिस्टरही बोलायचे बंद झाले, आणि हा माणूस गप्प बसला म्हणजे खरंच घाबरलाय, हे मला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं होतं. हा सीझन हातचा गेला तर मशीन विकावं लागणार होतं.

मिस्टरांना रील करायचं होतं. हवेत उडणाऱ्या मिरच्या, मागे ढिंच्याक गाणं. म्हटलं, "मिरच्या मग उडवा, आधी माणसं आणा." आणि हसण्यावारी न्यायचं सोडून गमरेदादांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. नेहमीच पहिल्या रिंगला उचलतात. मला वाटायचं, काय माणूस आहे, कामाला किती चोख!

दादा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. गाळ्यावर नजर फिरवली आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "वहिनी, गिऱ्हाईक शेवटचं कुठे दिसलं होतं?"

"अहो, घोडपदेवला! जुन्या जागेवर."

"कपडे?"

"गिऱ्हाइकाचे?"

"तुमचे. गिऱ्हाइकं तुम्हाला कशात बघायची?"

मला काही कळेना. म्हटलं, "एक पिवळी ओढणी असते. नाकातोंडाला बांधते, ठसका लागतो म्हणून."

"मग तीच. सीझन संपेपर्यंत बदलायची नाही. वर्णन एकदा जाहीर झालं की माणसाने बदलू नये."

त्यानंतर त्यांनी आमची जी काही वरात काढली! घोडपदेवच्या पत्र्यांपासून कॉटन ग्रीनच्या गाळ्यापर्यंत आम्हा नवराबायकोला भर उन्हात चालवलं. प्रत्येक वळणावर मला उभं करायचं, हात पुढच्या रस्त्याकडे करायला सांगायचं आणि फोटो काढायचा. मी थकले की मिस्टर उभे. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. एकाने तर विचारलं, कुठल्या पार्टीचे उमेदवार? मिस्टर लाजून लाल. मी ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

वेबसाइट तयार झाली आणि मी ती उघडली. उडालेच! वर मोठ्ठा फोटो, कसला, तर गंजक्या पत्र्यांचा. खाली ठळक अक्षरांत, "येथे कोणीही थांबू नये. परबांचे कांडप सुखरूप आहे. गोंधळून जाऊ नये." मग एकेक वळण. पत्र्यांकडे पाठ करून उभे राहावे. चहाच्या टपरीपर्यंत सरळ यावे. येथे एक तपकिरी कुत्रा बसलेला असतो, तो काही करत नाही. नसल्यास घाबरू नये, जेवायला गेला असेल. शेवटच्या वळणावर पिवळ्या ओढणीतल्या बाई दिसतील, त्याच परबवहिनी.

"दादा, मसाले कुठायत?" मी तडकले. "बेडगी, शंकेश्वरी, मालवणी मसाला, काहीच नाही? माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर पत्रे आणि कुत्रा?"

"मसाले खाली आहेत. माणूस पोचल्याशिवाय मसाल्याचं काय करायचं?" दादा शांतपणे म्हणाले. "वहिनी, लोक नाव विसरतात. वळण नाही विसरत."

आणि सगळ्यात खाली, "रस्ता चुकल्यास फोन करावा," आणि नंबर त्यांचा स्वतःचा! मी म्हटलं, आमचा का नाही? तर म्हणे, "तुम्ही मिरच्या भाजत असणार, तोंडाला फडकं. हरवलेल्या माणसाला लगेच आवाज लागतो." मिस्टर माझ्या कानात पुटपुटले, "ह्यो आपली गिऱ्हाइका पळवतलो, बघ." मी त्यांना कोपराने गप्प केलं, पण माझ्याही मनात पाल चुकचुकली, खोटं कशाला बोलू.

दादांनी मॅपवरची जागा बदलून घेतली. घोडपदेवच्या बायकांच्या सगळ्या ग्रुपवर आवाज पाठवला. "फू, फू. लक्ष द्या. परबांच्या कांडपावर मिरची कुटणाऱ्या सर्व माताभगिनींनी लक्ष द्यावे. आपले कांडप हरवलेले नाही." आम्ही परत बसलो वाट बघत. एक दिवस गेला, आणखी एक गेला. मिस्टर हळूच मशीनला गिऱ्हाईक शोधायला लागले होते, मला कळत होतं.

आणि एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी शेवंताबाई दिसल्या. घोडपदेवच्या जुन्या शेजारीण, डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं, कानाला फोन. मला बघून तिथूनच ओरडल्या, "पिवळी ओढणी! गावली गो बाय, गावली!" माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरचीचा काही संबंध नव्हता, मशीन तेव्हा बंदच होतं.

शेवंताबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "घे, ते काका सोडतील तर ना. म्हणतात, आधी बाईंशी बोलणं करून द्या." मी कानाला लावला. पलीकडून दादा म्हणाले, "वहिनी, ओळख पटली का?"

"पटली हो दादा, पटली!"

"मग घेऊन जा त्यांना आत," म्हणाले आणि तेव्हा कुठे फोन ठेवला.

मग काय विचारता! दुसऱ्या दिवशी त्यांची सून आली, तिच्या मागून अख्खी वाडी. मशीन धडधडायला लागलं ते थांबेना. मिस्टर पुन्हा बडबडायला लागले, इतके की मीच म्हटलं, जरा गप्प बसा. जिवात जीव आला. येणारी प्रत्येक बाई दादांची गोष्ट सांगायची. समोर काय दिसतंय विचारतात, आहात तिथेच थांबा म्हणतात, पोचेपर्यंत फोन ठेवत नाहीत. एका म्हाताऱ्या बाईंना तर स्वतः येऊन सोडून गेले. पिवळी ओढणी सीझनभर मिरचीत माखून पार केशरी झाली, पण मी बदलली नाही. जाहीर झालेलं वर्णन!

सीझन सरत आला तेव्हा मिस्टर म्हणाले, "आता सगळ्यांना रस्ता पाठ झाला. गिऱ्हाईक आपलं आणि फोन दुसऱ्याकडे, हे काय बरोबर नाय. त्यांचा नंबर काढून आपला टाकायला सांग." अशी सांगायची कामं आमच्याकडे मलाच. मालवणी मसाल्याची बरणी घेतली आणि भोईवाड्यात दादांच्या घरी गेले.

एकच खोली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, टेबलावर कॉम्प्युटर, खिडकीजवळ खाटेवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. "आई," दादांनी ओळख करून दिली. मी नमस्कार केला.

"कोनत्या गावची गं तू, माय?" म्हातारीने विचारलं.

बोलण्याचा हेल पार वऱ्हाडाकडचा. आणि गमरे तर आमच्याच रत्नागिरीकडचे! मला राहवेना. "दादा, आई कोकणातल्या नाही वाटत."

"नाहीतच," दादा म्हणाले. "सापडलेली आई आहे माझी."

दादा सांगायला लागले. खूप वर्षं झाली. सहा डिसेंबरची गर्दी पांगली, सगळ्यांना आपापली माणसं मिळाली, मंडपात ही एकटी उरली. चुकली होती की कोणी आणून सोडली होती, कोण जाणे.

"नाव विचारलं तर सांगायची नाही. गावाचंही नाही. रस्ता मात्र घडाघडा. एसटीतून उतरलं की पिंपळ, मग हापसा, हापशावरून डावीकडे, दारात लिंब. पण उतरायचं कुठे, ते काही सांगेना. घसा बसेपर्यंत पुकारलं मी. पोलिसांत नोंद केली, माझा नंबर दिला. ते आश्रमात पाठवतो म्हणाले, तर हिने माझा हातच सोडला नाही. माझी आई त्याच वर्षी गेली होती. मी म्हटलं, घरचे येईपर्यंत माझ्याकडे राहू दे."

"मग? आला कोणाचा फोन?"

"नाही. पण नंबर मी बदलला नाही कधी. उद्या कोणी शोधत आलं तर लागायला पाहिजे. तिची माणसं आहेत, त्यांचा हक्क आहे." दादा खाटेकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू वहिनी? फोन वाजूच नये असं वाटायचं. मी एकटा माणूस, मला कोण फोन करणार? वाजला म्हणजे हिचेच लोक, न्यायला आले. न उचलून चालायचं नाही, आणि उचलायला हात धजायचा नाही. मग त्या टेलरबाईंच्या पेजवर चुकून माझा नंबर पडला आणि दिवसभर ब्लाऊजवाल्यांचे फोन! इतकं हायसं वाटलं मला. तेव्हापासून सगळ्यांच्याच वेबसाइटवर माझा नंबर टाकतो. म्हटलं, वाजू दे दिवसभर."

तेवढ्यात फोन वाजला.

दादांनी पहिल्या रिंगला उचलला, पण चेहरा उतरला होता. खाटेवर म्हातारीचे हातही थांबले.

"जय भीम, बोला... हो... बाई, समोर काय दिसतंय? पत्रे? गंजलेले?" दादांचा चेहरा खुलला. "गोंधळून जाऊ नका. आहात तिथेच थांबा." मग फोनवर हात ठेवून खाटेकडे वळून म्हणाले, "मिरचीवाली आहे गं, आये."

"बरं झालं, माय," म्हातारी म्हणाली, आणि लसणाची पुढची पाकळी उचलली.

नंबरचं मी काही बोलले नाही. बरणी टेबलावर ठेवली, ओढणी सारखी केली आणि म्हटलं, "दादा, त्या बाईंना सांगा, पत्र्यांपाशीच थांबा म्हणावं. पिवळी ओढणी न्यायला येतेय."