मान न हलवता दाद

"यापुढे मान हलवायची नाही," फ्राऊ लिंडनर म्हणाली, आणि समजलं अशी खूण म्हणून देवदत्तने मान हलवली.

"हेच ते," ती म्हणाली. "हे बंद."

देवदत्त जर्मनीत र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. कॉम्प्युटरपुढे वाकून वाकून त्याची मान आणि पाठ कधीच संपावर गेली होती. कित्येक महिने धड झोप नव्हती. शेवटी डॉक्टरांनी फ्राऊ लिंडनरच्या वर्गात पिलाटेसचे व्यायाम करायला पाठवलं. मॅटवर पडायचं, गुडघे उभे ठेवायचे, पोट आत घेत लांब श्वास सोडायचा. खिडकीबाहेर लिंडेनची झाडं डुलत, आत चार-पाच जर्मन आज्या पाण्यात असल्यासारख्या हळूहळू पाय उचलत, आणि देवदत्तला आपण जमिनीपासून वीतभर वर तरंगतोय असं वाटे. भानगड एवढीच होती, की फ्राऊ लिंडनरने काहीही विचारलं तरी त्याची मान आपल्याकडच्या पद्धतीने डावी-उजवीकडे डोले. "दुखतंय?" डोलली. "बरं वाटतंय?" तरी डोलली. बाई बिचारी घाबरली. मणक्यात काहीतरी सैल झालंय असंच तिला वाटलं. म्हणून काही दिवस डोलणं बंद, घरीसुद्धा.

आता देवदत्त पडला इंजिनिअर. ड्रॉइंगवर जे आहे ते आहे. तो मान ताठ ठेवून घरी आला, आणि घरी नेमके अण्णा होते.

अण्णा म्हणजे त्याच्या बायकोचे, ऊर्मिलाचे वडील, श्रीपादराव. पुण्याहून लेकीकडे आलेले. जन्मभर गायले, पण ऊर्मिलाची आई गेली तेव्हापासून त्यांनी सूर म्हणून लावला नव्हता. ते गप्प बसून खिडकीतून बाहेर बघत राहत, आणि ऊर्मिलाचा जीव तुटे. मिनतवाऱ्या करून करून तिने त्यांना राजी केलं होतं. रविवारी दुपारी, घरच्या घरी, थोडंसंच गाणं.

"तू अगदी पुढे बस," तिने नवऱ्याला बजावलं. "अण्णा समोरच्याच्या मानेकडे बघून गातात. या वेळी त्यांचं गाणं अडलं ना, तर ते परत गायचे नाहीत. मी ओळखते त्यांना."

"अगं, पण मान हलवायला बंदी आहे."

"मग तोंडाने दाद दे. पण दे."

रविवारी सतरंजी अंथरली. जवळच्या एश्बॉर्न गावाहून त्यांचे मित्र भास्कर आणि सुलेखा आले. इलेक्ट्रॉनिक तानपुरा-तबला सुरू झाला आणि अण्णांनी भीमपलासी धरला. आवाज आधी कापला, मग त्याला त्याची जागा सापडली. पहिल्याच समेला सगळ्यांच्या माना डोलल्या. देवदत्तची मात्र विजेच्या खांबासारखी उभी. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, पुढची जागा जरा नटवून घेतली. मान ढिम्म.

ऊर्मिलाने कोपराने ढोसलं. देवदत्तने 'वा' म्हणायला छाती भरून श्वास घेतला, पण सवय लागली होती पिलाटेसची. पोट आत गेलं, बरगड्या मिटल्या, आणि 'वा'च्या जागी एक लांबलचक उसासा बाहेर पडला.

अण्णा थांबले. "देवदत्तराव कंटाळलेले दिसतात."

"नाही हो अण्णा. मला फार आवडतंय," देवदत्त मान सरळ ठेवून म्हणाला. असं ताठ मानेने केलेलं कौतुक कोणाला खरं वाटणार?

ऊर्मिलाचा चेहरा उतरला. "अण्णा, त्याची मान खरंच दुखते हो."

"मग बसलेत कशाला? आडवे व्हा म्हणावं," अण्णा फणकारले.

मांडी घालून बसल्याने देवदत्तच्या पाठीतून कळा येतच होत्या. सांगितल्याप्रमाणे तो आडवा झाला. गुडघे उभे, हनुवटी किंचित आत. भर बैठकीत, गाणाऱ्या सासऱ्यांच्या पुढ्यात. भास्करने कपाळाला हात लावला.

अण्णांनी डोळे मिटून चिडूनच सूर लावला, पण भीमपलासी काही फार वेळ चिडून गाता येत नाही. आवाज हळूहळू मऊ झाला. देवदत्तचा एकेक मणका सतरंजीवर उतरला. छत लांब गेलं, मग आणखी लांब. सूर वरून सावकाश खाली येत होते आणि कोणीतरी अंगावर ऊन पांघरवत होतं. कळ कुठे होती तेही त्याला आठवेना. मग काहीच आठवेना.

"पापा श्लेफ्ट," देवदत्तची छोटी लेक स्पृहा म्हणाली. तिला मराठी कळायचं, पण बोलायची जर्मनच. बाबा झोपलेत हे सांगायची खरं तर गरज नव्हती, कारण देवदत्त घोरायला लागला होता, आणि तेही बेताल.

ऊर्मिला घाईने पुढे सरकली.

"उठवू नकोस," अण्णा हळूच म्हणाले, आणि त्यांनी पट्टी खाली घेतली.

ते गात राहिले. सतरंजीवरचं ऊन भिंतीवर चढलं. पाहुणे पाऊल न वाजवता निघून गेले तरी अण्णा गातच होते. ते थांबले तेव्हा ऊर्मिला रडकुंडीला आली होती.

"माफ करा अण्णा. त्याला खरंच महिनोन्महिने झोप नाही."

"दाद देणारे पुष्कळ भेटले गं मला," अण्णा म्हणाले. "माझं गाणं ऐकता ऐकता निर्धास्त झोपून जाणारी तुझी आईच एकटी. लोक तिला नावं ठेवायचे. ती गेली आणि वाटलं, आता गाऊन झोपवायचं कोणाला?"

त्यांनी डोळे पुसले आणि जावयाच्या अंगावर शाल घातली.

"उद्या देवदत्तराव किती वाजता आडवे होणार आहेत ते विचारून ठेव," ते म्हणाले. "त्या वेळेचं काहीतरी काढतो."