पाठीला पाठ लावलेले राष्ट्राध्यक्ष

"अहो बाई, अध्यक्ष दोन असोत नाहीतर दहा, आपल्याकडे हूक एकच!" असं वकिलातीच्या सचिवांनी टंकलेखिका बाईंना छाती फुगवून सांगितलं.

प्रकरण तसं सोपं होतं. मायदेशात निवडून आलेले अध्यक्ष डोंगरात लपून "मीच खरा!" म्हणत होते आणि राजवाड्यात घुसलेले सेनापतीही "मीच खरा!" म्हणत होते. राजदूत वारा पाहून केव्हाच पसार झाले होते. मागे राहिले सचिव. त्यांना खऱ्याखोट्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं, त्यांना फक्त घरी जायचं होतं! पण दर वेळी बदली मंजूर व्हायची आणि सरकारच पडायचं. लेक रांगत होती तेव्हा ते इकडे आले, आता ती शाळेत जात होती.

म्हणून ही युक्ती. दोन्ही तसबिरी पाठीला पाठ लावून छताच्या हुकाला टांगायच्या. ज्याचा माणूस येईल त्याचा साहेब पुढे! दोघंही खूश, मग बदली कोण अडवतोय?

"दोरीला पीळ आहे हो, साहेब," बाई म्हणाल्या.

"पीळ आपल्यातही आहे!"

सेनापतींचा कर्नल आला. सेनापती पुढे होतेच. कर्नल घामाघूम झालेला. "पंखा लावा!" म्हणाला, आणि सलाम ठोकून, डोळे मिटून राष्ट्रगीत म्हणू लागला. इथेच माशी शिंकली! वाऱ्याने तसबीर हळूच वळली. डोंगरातल्या अध्यक्षांचा माणूस म्हणून एक प्राध्यापक उद्या यायचे होते, ते नेमके त्याच क्षणी दारात उगवले.

"कर्नल! तुम्ही आमच्यात आलात?" त्यांनी कर्नलला मिठीच मारली.

कर्नलने डोळे उघडले. "हा कोण वर?"

सचिव पंखा बंद करायला धावले आणि घाईत त्यांनी तो जोरात सोडला! अध्यक्ष, सेनापती, अध्यक्ष, सेनापती! कर्नलचा हात वर, प्राध्यापकांचा खाली. प्राध्यापकांचा वर, कर्नलचा खाली. शेवटी दोघांनाही चक्कर आली.

दोघांनीही आपापल्या साहेबांना एकच कळवलं: सचिव आपला माणूस, त्याने समोरच्याची चांगली जिरवली! घड्याळात किती वाजले यावरही ज्यांचं एकमत नव्हतं, त्या दोन सरकारांचं इथे मात्र झालं. असा निष्ठावंत माणूस तिथून हलवायचा नाही. कधीच!

सचिवांनी रडवेल्या आवाजात घरी फोन लावला.

"थांबा हं, तिला देते," बायको म्हणाली. "ये गं, बाबांशी बोल."

"खोटं! बाबा तर भिंतीवर आहेत," पलीकडून चिमुकला आवाज आला.

"नाही गं माझी राणी," सचिव कळवळून ओरडले, "मीच खरा!"

"कशावरून?" लेकीनं विचारलं.