जावईबापूंचं मंगलाष्टक

जावयाला बोलायचं नसतं! ही रीत ज्याने काढली त्याच्या घरी आमच्या रुपरावांसारखा जावई नव्हता, हे मी छातीठोक सांगते. गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात चांगली नोकरी होती. थान उलगडायचं, मापायचं, टर्रकन फाडायचं. ती सोडली! आणि पोळ्याला दोन दिवस म्हणून आले, ते दिवाळी गेली तरी आमच्याच ओसरीवर. वर ऐट अशी, की जसा काही हत्तीच दारात झुलतोय!

"मामीजी, आता कोनाची नोकरी नाही. लिहिनार!"

"काय लिहिनार?"

"कोनी जे सांगन ते!"

मी तिसरी शिकलेली बाई. लिहिणं म्हणजे माहेरी पोस्टकार्ड, एवढंच मला ठाऊक. त्यावर चूल पेटते हे ऐकलं नव्हतं. माझी थोरली रुखमा पोळ्या लाटता लाटता नवऱ्याकडे अशी पाही, की पोळीऐवजी तोच तव्यावर पडायचा! पण मी तोंड दाबून बसले. जावई ना!

धंद्याची तऱ्हा त्यांनीच सांगितली. गांधीबागेच्या मागे भैय्याजींचा छापखाना. लग्नपत्रिका छापायला आलेले लोक मंगलाष्टकही लिहून मागत. भैय्याजी वधूवरांची नावं चिठ्ठीवर लिहून खिळ्याला टोचून ठेवत. समोरच्या बाकावर चार-पाच लिहिणारे टपलेले. भैय्याजी ज्याला म्हणतील त्याने चिठ्ठी घ्यायची, लिहून आणायचं. आमचे रुपराव रोज धुतलेला सदरा घालून बाकावर बसत आणि तसेच्या तसे परत येत. भैय्याजींचं एकच पालुपद, "पयले लिहेल काही दाखवा." आता काम मिळाल्याशिवाय दाखवणार काय? पोहायला आलं की विहिरीत सोडू म्हणण्यासारखंच!

तेवढ्यात माझ्या धाकटीचं, जयवंताचं, जमलं. पाहुणे नरखेडकडचे, संत्र्याच्या बागावाले. मुलगा विश्वंभर. विहीणबाई अंजनाबाई नाकाने जरा उंच. बैठकीत बागा, मोटारपंप, फटफटी यांचंच पुराण लावलं. मलाही राहवलं नाही.

"आमचे जावई कवी हायेत जी! लग्नात असं मंगलाष्टक म्हनू, का तुमच्या साऱ्या तालुक्यानं आयकलं नसन!"

बोलून तर बसले. रुपरावांनी तोच धागा पकडला.

"मामीजी, लग्नाले भैय्याजीले बोलावतो. आयकलं तं सारा हंगाम मलेच काम देईन. नाही जमलं तं मी पुन्हा कापड फाडतो!"

रुखमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहून द्या!"

पंधरा दिवस माणूस छताकडे पाहत बसला. दूध उतू गेलं तरी समोर बसून पाहिलं, हाक मारली नाही! पण लिहिलं मात्र झोकात. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर नाचतच घरी आले.

"चिठ्ठी भेटली! बाकीचे लेखक सारे तापानं पडले. भैय्याजी म्हने, तातडीचं हाय, तुमीच घ्या. च्या थंडा व्हायच्या आत लिहून देल्लं!"

स्वतःच्या मेहुणीसाठी पंधरा दिवस आणि परक्यासाठी एक कप चहा! मला तेव्हाच वास यायला हवा होता. पण मी बुंदीवाल्याच्या मागे होते.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव गच्च, अंतरपाट धरलेला, भैय्याजी पहिल्या रांगेत. माझी बहीण यमुताई गुलाबी कागद घेऊन उभी राहिली. गळा असा, की कोपऱ्यावरची टांगेवाल्याची घोडीही कान टवकारते!

"संत्र्याची जणु बाग ही बहरली, गंधात न्हाली घरे... नाही यासम दूसरे घर कुठे शोधून साऱ्या जगी..."

लोक डुलले. माझं नाक मांडवाच्या वर गेलं. भैय्याजी मान हलवत होते.

मग नवऱ्याकडून अंजनाबाईंची लेक शोभाताई उठली. हातात पिवळा कागद. गळा खाकरला.

"संत्र्याची जणु बाग ही बहरली, गंधात न्हाली घरे..."

मला वाटलं, लाडाने आमचंच पुन्हा म्हणतेय. पण ती थांबेना! शब्दाला शब्द, ओळीला ओळ. फक्त जयवंताच्या जागी सुलोचना आणि विश्वंभरच्या जागी गोविंदा!

"थांबा जी!" मीच ओरडले. "आमचं मंगलाष्टक चोरलं! आन वरून नवरीबी दुसरीच घातली! कोन ही सुलोचना?"

"आमी चोरलं?" अंजनाबाई उसळल्या. "आमी पयशे मोजून लिहून आनलं! संत्र्याची बाग म्हने! तुमच्या दारात संत्र्याचं येक झाड तरी हाय काय वं बाई?"

पाहुण्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कढीनिंब.

"ही बाग आमची, म्हून मंगलाष्टक आमचं!" त्या म्हणाल्या. "गोविंदा आमी पोराले घरी म्हनतो. सुलोचना हे नवरीचं नवं नाव आज तांदयाच्या ताटात काढनार होतो. चोरट्या घरची पोरगी नको आमाले! चाल गा गोविंदा!"

नवरदेवाने हार खाली घेतला. गुरुजी ओरडले, "मुहूर्त चालला!" अंतरपाटाआड जयवंता मुसमुसायला लागली. आणि माझ्या पदराला मागून कोणी ओढलं. रुपराव! तोंड धुतलेल्या खादीसारखं पांढरं.

"मामीजी, दोन्ही माहेच होय जी! चिठ्ठीवर गोविंदा-सुलोचना होतं. मले का मालूम हे आपलेच पाहुने? मीनं आपलंच मंगलाष्टक नावं बदलवून देल्लं!"

जीभ चावली मी. खरं सांगावं, तर जावई मांडवात नागडा. गप्प बसावं, तर लेक माघारी. क्षणभर देवाला हाक मारली आणि मग आवाज चढवला.

"इहीनबाई! काहून चिल्लावता? मीनंच जावयाले सांगून दोन्हीकडं येकच मंगलाष्टक ठेवलं! आमी म्हनलं यासम दुसरं घर नाही, तुमीबी तेच म्हनलं. दोन्ही खरं कसं होईन? आजपासून घर येकच झालं तवाच नं! चोरी म्हनून मी आंधी वरडली, ते तुमची परीक्षा पाहाले!"

 मग अंजनाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"इतक्या खोलात आमी गेलोच नव्हतो वं इहीनबाई..."

"सावधान!" गुरुजींनी संधी साधली. अक्षता पडल्या, बँड वाजला!

जेवणाच्या पंगतीत भैय्याजी बुंदी चावत म्हणाले, "रुपराव, हे नवीनच काढलं तुमी! दोन्ही पक्षाले येक. उद्यापासून खिया तुमचाच, त्याच्यावरच्या साऱ्या चिठ्ठ्या तुमच्याच!"

आणि हा कवी ताटावरून उठून, ऐटीत मिशी पुसत माझ्यापुढे आला.

"कसं वाटलं मामीजी, माहं मंगलाष्टक?"

जावयाला बोलायचं नसतं. पण मी पोळ्यापासून गप्प होते!

"जावईबापू, चपलेचा जोड असते नं, त्यातबी डावी येगळी न् उजवी येगळी शिवते! उद्या सकायी नरखेडच्या यष्टीत बसा, संत्र्याचं कलम आना, आमच्या दारात लावा, आन रोज पानी घाला. तुमच्या मंगलाष्टकातली येक ओय तरी खरी होऊ द्या!"