खेकड्याच्या मिश्या

"या किनाऱ्यावर वाळूचा एक कणही मला विचारल्याशिवाय हलत नाही!" भावोजींनी खुर्चीवर उभं राहून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी खुर्चीचे चारही पाय वीतभर वाळूत खचले. वाळूने त्यांना विचारलं नव्हतं.

भावोजी वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करता करता त्यांना साक्षात्कार झाला होता, की आपण जन्मजात गुप्तहेर आहोत. खात्यात पडलो तो नियतीचा हिशेबातला घोळ. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक टोपी घेतली, एक भिंग घेतलं आणि मिश्यांची टोकं वर वळवली. राहता राहिला सहायक. तो लग्नातच मिळाला होता.

हा सहायक, म्हणजे त्यांचा मेव्हणा, खरं तर सर्फबोर्ड दुरुस्त करायचा. लाटांवर उभं राहणाऱ्यांचं जे काही फुटेल-तुटेल ते त्याच्याकडे यायचं. मोडलेली हाडं तेवढी दवाखान्यात जायची. त्याच्या ताईच्या, म्हणजे भावोजींच्या बायकोच्या, घराचं मागचं अंगण हेच त्याचं दुकान. त्यामुळे भावोजींना मेव्हणा आणि मेव्हण्याला भावोजी चुकवता येत नसत.

आजचं प्रकरण मात्र साधं नव्हतं. रंगारीण भर दुपारी अंगणात येऊन जवळजवळ रडकुंडीला आली होती.

रंगारीण म्हणजे गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारी मुलगी. फावल्या वेळात ती बोर्डांवर चित्रं काढायची आणि उरलेल्या वेळात असं सर्फिंग करायची की माणसं किनाऱ्यावर खाणं विसरून बघत राहायची. चार वाजता तिची अंतिम फेरी होती. बोर्डाच्या बुडाची पाती सैल झाली म्हणून काल तिने तो मेव्हण्याकडे ठेवला होता. पाती घट्ट झाली होती; पण बोर्ड वरून आरशासारखा लख्ख झाला होता.

"दादा, माझं मेण कुठे गेलं?"

बोर्डावर पाय घसरू नये म्हणून मेण घासतात. थरावर थर चढतात, बारीक गाठी येतात, वाळू बसते, रंग काळपट होतो. पोरांच्या भाषेत, बोर्ड जितका कळकट तितका पाय बळकट. रंगारिणीचा हा थर दोन वर्षांचा होता. आणि या चकचकीत बोर्डावर तर माशीसुद्धा पाय घसरून पडली असती.

"कुणी हात लावू नका!" भावोजी ओरडले आणि धावत येताना दाराशी ठेवलेल्या बादलीत त्यांचा पाय गेला. "ही बादली तपासाच्या आड येतेय. हलवा!"

मेव्हण्याने बादली हलवली. तिच्या तळाशी मळकट पांढुरकं काहीतरी गोठलं होतं. तो सांगायला गेला, पण भावोजींनी हात वर केला.

"तर्क पहिला. चोराने बोर्ड सोडला आणि मेण नेलं. का? कारण त्याच्याकडे बोर्ड आहे, मेण नाही."

"भावोजी, मेणाची वडी कुठल्याही टपरीवर मिळते."

"मिळत होती," भावोजी म्हणाले आणि तासाभरात त्यांनी किनाऱ्यावरची मेणाची एकूणएक वडी जप्त केली. टपऱ्यांतली, पोरांच्या पिशव्यांतली, मेव्हण्याच्या कपाटातलीसुद्धा. सगळा ऐवज एका पोत्यात भरून त्याला खात्यातून आठवण म्हणून आणलेला शिशाचा शिक्का ठोकला.

तर्क दुसरा असा, की मेण उन्हाने वितळलं. तो भावोजींनी स्वतःच फेटाळला, कारण सूर्याला अटक करता येत नाही. तिसऱ्या तर्कात जीवरक्षकावर संशय होता. "तुझं शिट्टी वाजवणं फार सूचक आहे," असं त्याला ऐकवूनही झालं. तोवर सव्वातीन वाजले.

मग भावोजींनी बोर्डावर भिंग धरलं आणि शीळ घातली.

"चोराने आपलं चित्र मागे ठेवलंय!"

मेणाखाली दोन वर्षं झाकलेलं ते चित्र आता उघडं पडलं होतं. एक गुबगुबीत खेकडा होता. डोक्यावर टोपी, एका नांगीत भिंग आणि दोन्हीकडे वर वळलेल्या झुबकेदार मिश्या.

रंगारिणीने डोळे मिटले. मेव्हण्याला अचानक खोकला आला.

"लिहून घ्या, मेव्हणेबुवा. इसम रुंद बांध्याचा. मान जवळपास नाहीच. चेहऱ्यावर उगाचच मोठेपणा. चाल तिरकी असावी. असा माणूस इथे कुणी पाहिलाय?"

"रोज पाहतो," मेव्हणा म्हणाला.

"मग बोलत का नाही?"

"बहिणीचा संसार आहे, भावोजी."

इतक्यात ताई पदर खोचून बाहेर आली. "अहो, माझी घासणी दिसली का? सकाळी या फळीपाशीच राहिली बघा."

सगळ्यांनी आधी बोर्डाकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"ताई," मेव्हणा हळूच म्हणाला, "ही फळी तू…"

"मीच घासली! काय तो मळ, शी! पोरीची एवढी मोठी स्पर्धा, चारचौघांत अशी फळी घेऊन जाणार? गरम पाणी ओतून दोन तास खरवडत होते. हात भरून आले माझे." ती रंगारिणीकडे वळली. "कशी लख्ख झालीय, नाही?"

रंगारिणीला रडू येत होतं आणि हसूही. "काकू, छान झालीय हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"मग हा मिश्यावाला कोण?" भावोजी हटायला तयार नव्हते.

ताईने चित्र पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "आरसा आत आहे," ती म्हणाली.

भावोजी वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. ताठ झाले तेव्हा कान लाल झाले होते.

"माफ करा, काका," रंगारीण पुटपुटली. "दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या चपलेसाठी तुम्ही माझी तीन तास उलटतपासणी घेतली होती. त्याच संध्याकाळी काढलं."

"चप्पल सापडली होती," भावोजी म्हणाले.

"माझ्याच पायात," मेव्हणा म्हणाला.

लांबून फेरीचा भोंगा वाजला. रंगारिणीने बोर्ड उचलला. "काका, वीस मिनिटं उरलीत. पुराव्यातल्या चार वड्या द्या ना. नवा थर पटापट घासते."

भावोजींनी पोत्याकडे पाहिलं, मग शिक्क्याकडे. तीस वर्षांत त्यांनी आपला शिक्का आपल्या हाताने कधी तोडला नव्हता. आज तोडला. वड्या तिच्या हातात देताना ते जरा जवळ सरकले, ताई ऐकत नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"तेवढं मिश्यांवर पातळ लाव."