सरपंचांच्या फोटोचं वर्णन

माळवंडी ग्रामपंचायतीची वेबसाइट करायची असं ठरलं, तेव्हा गावात वेबसाइट कुणालाच नको होती. सरपंच मानसिंग यांना पलीकडच्या गावाची जिरवायची होती आणि अंजुमला ग्रामपंचायतीच्या मागची रिकामी खोली हवी होती. दोघांचं जमलं.

ही गोष्ट २००९ सालची. अंजुमचे वडील मौलाली यांचं शिवऱ्याच्या अलीकडे, महामार्गालगत सीट कव्हरचं दुकान होतं. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अंजुम तीन कॉम्प्युटरवर क्लास चालवायची. अब्बा पुढे स्पंज कापत आणि त्याचा भुगा मागे येऊन कॉम्प्युटरच्या पोटात जाई. एक कॉम्प्युटर दिवाळीतच गेला होता आणि दुसरा आता खोकायला लागला होता. पावसाळ्याआधी धड जागा मिळाली नाही तर क्लास बंद करावा लागणार, हे अंजुमला पक्कं ठाऊक होतं. त्या काळजीनं तिची झोप उडाली होती.

"साइट झोकात झाली पायजे," मानसिंग म्हणाले होते. "मग खोली तुझी. न्हाई झाली, तर आमच्या मित्रमंडळाला हापिस लागतंच हाय."

अंजुमनं साइट केली ती अगदी तिच्या स्वभावासारखी. पांढरं पान, काळी ठसठशीत अक्षरं आणि कामाची माहिती. ग्रामसभा कधी, रेशन कधी, भोरची एसटी किती वाजता आणि कुठल्या दाखल्याला कुठले कागद लागतात, एवढंच. जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात लिहून 'घ्या, वापरा, बिघडलं तर दुरुस्त करा' म्हणून मोकळे सोडून दिलेले प्रोग्रॅम तिनं शोधून काढले होते. अक्षरं अशी घेतली होती की भोरात उघडा नाहीतर दुबईत, मराठी मराठीच दिसावी. पान इतकं हलकं होतं की गावच्या मरतुकड्या फोन लाइनवरही चुटकीसरशी उघडे. शिवाय ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान मोठ्यानं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅमही तिनं बसवला होता. त्याचा आवाज मूळचा हिंदीचा आणि कारकुनासारखा कोरडा होता, पण वाचायचा मात्र अक्षरन् अक्षर.

मानसिंगांनी पान वरून खाली आणि खालून वर पाहिलं.

"ह्यात मी कुठाय?"

"हे काय काका, खाली नाव लिहिलंय की. सरपंच म्हणून. फोन नंबरसकट."

"नाव वाचायला येतंय कोन? फोटू पायजे. मोठ्ठा! उपसरपंचांचा टाक, मेंबरांचा टाक. न्हाई तर रुसतील. पलीकडच्या गावानं चौकात बोर्ड लावलाय, त्यावर एकवीस फोटू हायेत. आपल्या साइटवर बावीस पायजेत."

"काका, पान जड होईल. उघडणार न्हाई."

"उघडत न्हाई म्हंजे? ढकलायचं!"

झालं! फोटोंचा पाऊस सुरू झाला. चौकातल्या बोर्डावर ज्याचा फोटो नाही त्याला गावात किंमत नाही, हा नियम आता साइटलाही लागू झाला. उपसरपंच सावळाराम यांनी स्वतःच्या लग्नातला फोटो कापून आणला. बाळाबाई मेंबर होत्या, पण त्यांचा फोटो त्यांचे यजमान घेऊन आले. बोअरवेलच्या उद्घाटनाचा फोटो सरपंचांनी स्वतः आणून दिला.

आता प्रत्येक फोटोमागे, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी, फोटोत काय आहे ते दोन ओळींत लिहायचं असतं. ते पडद्यावर दिसत नाही. फोटो उघडलाच नाही, तर मात्र त्याच्या जागी तेच येतं आणि वाचणारा प्रोग्रॅमही तेच वाचतो. 'समोरच्याला फोनवर सांगतोय असं समजून, दिसतंय तेवढंच लिहा,' असं अंजुमनं शिकताना कुठंतरी वाचलं होतं. पहिले चार-पाच फोटो तिनं सभ्यपणे लिहिले. पुढे हात दुखायला लागले, डोकं तापलं आणि ती खरोखरच दिसतंय तेवढंच लिहीत गेली. माळवंडीत हे कोण ऐकणार होतं?

उद्घाटन शनिवारी ठेवलं. पंचायत समितीचे मोठे साहेब भोरहून आले. त्यांना तिथून पुढं वेल्ह्याला बैठकीला जायचं होतं, म्हणून ते आल्यापासून घड्याळाकडे बघत होते. ग्रामपंचायतीच्या अंगणात दोनशे माणसं जमली होती. पुढच्या रांगेत सरपंचांच्या आई रतनबाई बसल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली होती, पण गावातला एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. लाउडस्पीकर ज्ञानूचा होता. कॉम्प्युटरला वायर जोडून आणि कर्णा पिंपळावर टांगून तो आपली आवाजाची पेटी घेऊन पार पिंपळाखाली बसला होता.

ओसरीवर कॉम्प्युटरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. आता नारळ कुठं फोडायचा? तर गाडी घेतली की चाकापुढं फोडतात, इंजिन बसवलं की इंजिनापुढं. मानसिंगांनी टेबलाच्या कडेवर नारळ असा काही हाणला की निम्मं पाणी साहेबांच्या बुटांवर आणि निम्मं कीबोर्डात गेलं.

"काका!" अंजुम ओरडली.

"शुभ असतंय!" मानसिंग म्हणाले.

पान उघडलं. अक्षरं लगेच आली. फोटोंच्या जागी मात्र बावीस रिकाम्या चौकटी आल्या आणि नुसत्याच बसून राहिल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडदा लांब होता म्हणून चौकटीतली बारीक अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती, एवढंच नशीब.

"अहो, मला निघायला हवं," साहेब म्हणाले.

मानसिंगांना घाम फुटला. मग त्यांना एकदम आठवलं. "साहेब, थांबा! आमची साइट बोलती! पलीकडच्या गावाला हाय का असली? अंजुम, बोलती कर तिला!"

"काका, नको. आत्ता नको."

"सर बाजूला." त्यांनी स्वतः माऊस धरला आणि अंजुमनं हौसेनं तयार केलेल्या 'पान ऐका' या भल्यामोठ्या बटणावर टिचकी मारली. अडाण्यालाही सापडावं म्हणून तिनं ते बटण एवढं मोठं ठेवलं होतं.

"ग्रामपंचायत माळवंडी," पिंपळावरचा कर्णा बोलला. टाळ्या पडल्या. "फोटो. सरपंच मानसिंग. घरात बसूनही काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ. कानाला मोबाईल आहे, पण तो उलटा धरला आहे."

टाळ्या थांबल्या. अंजुमनं कीबोर्डाकडे झेप घेतली. कुठलंही बटण दाबलं की आवाज थांबायला हवा होता, पण नारळपाण्यानं एकूण एक बटण गार झालं होतं. माऊस मानसिंगांच्या हातून सुटून आरतीच्या ताटाखाली गेला होता. मागची वायर उपटावी, तर टेबल भिंतीला चिकटलेलं आणि पुढं साहेबांची खुर्ची.

"पोट शर्टात मावत नाही. डोक्याला टक्कल आहे. ते झाकण्यासाठी डावीकडचे केस उजवीकडे नेले आहेत."

"ज्ञानू! बंद कर!" मानसिंग गरजले.

"आवाज वाढवू?" ज्ञानूनं पिंपळाखालून विचारलं आणि वाढवला.

"फोटो. उपसरपंच सावळाराम. फोटो फार जुना आहे. शेजारी कुणीतरी होतं. आता फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात उरला आहे."

बायकांच्या रांगेतून एक आवाज आला, "तो हात माजाय! मला कापून टाकलं व्हय?" सावळाराम खाली वाकून चपला शोधू लागले.

"फोटो. सदस्य बाळाबाई. खुर्चीत बाळाबाई बसल्या असाव्यात. पुढे त्यांचे पती उभे आहेत, त्यामुळे फक्त पदर दिसतो."

आता मात्र अंगण फुटलं. सगळ्यांत मोठ्यानं बाळाबाईच हसल्या. "खरं हाय! मीटिंगलाबी असंच असतंय!"

"फोटो. नव्या बोअरवेलचं उद्घाटन. नऊ माणसं हापशाकडे बघत आहेत. पाणी दिसत नाही."

साहेबांचं घड्याळाकडचं लक्ष उडालं. "पाणी नाही? सरपंच, कागदावर तर आहे."

"येतंय साहेब, येतंय. तवा यायचं हुतं."

अंजुमनं डोळे मिटून घेतले. खोली गेली, हे तिला स्पष्ट दिसत होतं. अब्बांना आता काय सांगायचं, या विचारानं तिला रडू यायला लागलं. तेवढ्यात वीज गेली. दिवसातून तीनदा जाणारी वीज त्या दिवशी पंधरा मिनिटं उशिरा गेली होती. कर्णा थांबला आणि लोकही मानसिंगांच्या तोंडाकडे बघून गप्प झाले.

"पोरी," मानसिंग दातओठ खात म्हणाले, "खोली तर इसरच, पन..."

"मानसिंग," पुढच्या रांगेतून रतनबाई म्हणाल्या. "हिकडं ये."

सरपंच खाली उतरून आईपुढं बसले.

"तुला टक्कल पडलं व्हय रं?"

रतनबाईंनी चाचपडत त्यांची टोपी काढली आणि डोक्यावरून सावकाश हात फिरवला. कानामागून टाळूपर्यंत आणि टाळूवरून पुन्हा मागे.

"माजं डोळं गेलं तवा तुजं केस मुठीत मावत नव्हतं. बारा वर्सं मी इचारतीय, माजा मानसिंग कसा दिसतो? तर सगळी सांगत्यात, हाय तसाच हाय. मी आपली तरण्या पोराला बघत बसलीय आन् तू म्हातारा व्हायला लागलास. मला कुनी सांगितलं न्हाई."

"आये, तुला वाईट वाटंल म्हनून..."

"वाईट कशाचं? आज दिसलास तू मला." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या. सरपंच म्हणवणारा तो गडी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तसाच बसून राहिला आणि अंजुमला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

"ते यंत्र कुनाचं?" रतनबाईंनी विचारलं.

"मौलालीच्या अंजुमचं."

"तिला खोली दे. आन् मला रोज तिथं नेऊन सोड. गावात कोन कसं दिसतंय, मला समदं ऐकायचंय."

आईनं दोनशे माणसांत सांगितल्यावर मानसिंग काय करणार? सोमवारी खोलीची किल्ली मौलालींच्या दुकानात आली. मौलालींनी ती तीनदा खिशात घातली, तीनदा बाहेर काढून पाहिली आणि मग पोरीच्या हातात दिली.

पुढच्या पंधरा दिवसांत गावाची एकच वर्दळ सुरू झाली. कुणी म्हणे फोटो काढून टाक, कुणी म्हणे वर्णन बदल. बाळाबाई नवा फोटो काढून आल्या. त्यात त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि यजमान मागे त्यांची पर्स धरून उभे होते. एकदा साहेबांचा फोन आला, त्याच आठवड्यात हापशाला पाणी आलं आणि तेही वर्णन बदलावं लागलं. असल्या मोकळ्या सोडलेल्या प्रोग्रॅमांची रीत अशी की दुरुस्ती कुणीही सुचवावी, पण ती खरी आहे का हे कुणीतरी तपासूनच आत घ्यावी. तपासायचं काम रतनबाईंनी मागून घेतलं. खोलीच्या कोपऱ्यात, हेडफोन लावून, त्या दिवसभर बसत. हापशाचं पाणी त्यांनी स्वतः जाऊन ओंजळीत घेतलं, मगच हो म्हणाल्या.

दोन महिन्यांनी एका सकाळी मानसिंग खोलीत आले. आजकाल ते पहाटे धरणाच्या रस्त्यानं चालायला जात होते.

"अंजुम, ते पोटाचं बदल बरं का. उतरलंय आता."

"माझी काही हरकत न्हाई काका," अंजुम म्हणाली. "पण आजींना इचारावं लागंल."

मानसिंग कोपऱ्यात जाऊन आईपुढं ताठ उभे राहिले. रतनबाईंनी हेडफोन काढले आणि लेकाच्या पोटावर हात ठेवला. वरून खाली आणि खालून वर त्यांनी ते सावकाश चाचपलं.

"आता श्वास सोड," रतनबाई म्हणाल्या.

मानसिंगांनी श्वास सोडला.

"राहू दे गं तसंच," त्यांनी अंजुमला सांगितलं आणि हेडफोन पुन्हा कानाला लावले.